बारा ग्रॅम

“आधी प्रमाणपत्र दाखवा,” मी म्हणालो.

टेबलापलीकडच्या गृहस्थांनी डोळे मिटले होते, ते उघडले. त्यांच्या मागे समुद्रात बुडणाऱ्या सूर्याचं भलंमोठं पोस्टर होतं, टेबलावर निळा दिवा होता आणि खोलीभर उदबत्तीचा धूर. बाहेर पाटीवर लिहिलं होतं, ‘मनःस्पर्श समुपदेशन केंद्र. नैराश्य, भीती, घरगुती कलह, परीक्षेतील अपयश, दारू.’

“तुम्ही आधी मन मोकळं करा,” ते मृदू आवाजात म्हणाले.

“मन नंतर. प्रमाणपत्र कुणी दिलंय आणि कुठवर चालू आहे, ते सांगा.”

“पेशंट कोण आहे?”

“माझ्या एका मित्राची बायको. बोलत नाही.”

“कुणाशीच?”

“मित्राशी.”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि भिंतीवरची फ्रेम काढून माझ्यापुढे ठेवली. मी खिशातलं भिंग काढलं. दहा दिवसांचं निवासी शिबिर, संमोहन आणि व्यक्तिमत्त्व विकास. खाली संचालक म्हणून ज्यांची सही होती, त्यांचंच नाव वर विद्यार्थी म्हणून छापलेलं होतं.

“म्हणजे तुम्हीच तुम्हाला शिकवलंत?”

“आत्मशोध म्हणतात त्याला,” ते म्हणाले.

माझ्याशेजारी बसलेल्या दिलावर मुलाणीनं तोंडाला रुमाल लावला आणि खोकल्याचं सोंग करत तो बाहेर पळाला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी, हिंदुराव फडतरे, तेव्हा नुकताच वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालो होतो. एकतीस वर्षं मी आमच्या तालुक्यातले काटे तपासले. किराणावाले, सोनार, भाजीवाल्या बायका, उसाचे वजनकाटे, पेट्रोलपंप. माझी जीप बाजारात शिरली की चार दुकानांची शटरं आपोआप खाली येत. याचा मला तेव्हा अभिमान वाटे. दिलावर हा काटे दुरुस्त करणारा परवानाधारक मिस्त्री. तो काटा जुळवायचा आणि मी त्यावर शिक्का मारायचो. नोकरी संपली तरी आमची जोडी तशीच राहिली, कारण मला दुसरा मित्र नव्हता. निरीक्षकाला मित्र नसतात, असं मी लोकांना सांगत असे. फडतऱ्याला मित्र नाहीत, असं लोक एकमेकांना सांगत.

तर, मित्राची बायको म्हणजे माझीच बायको. शालन.

शालन माझ्याशी बोलत नव्हती. अगदीच मुकी झाली होती असं नाही. दिवसाला तीन वाक्यं मिळत. “जेवायला वाढलंय.” “गॅस संपत आलाय.” “फलटणहून दादाचा फोन होता.” आवाजात राग नाही, रुसवा नाही. रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारी बाई बोलते तसं. लग्नाला चौतीस वर्षं झालेली, आणि त्यातली बत्तीस वर्षं ही बाई अखंड बोलत होती. मी पेपर वाचत असलो तरी बोलायची, झोपलो तरी बोलायची. शेजारणीची सून, बाजारातली गवार, स्वप्नात आलेली तिची आई, सगळं सलग, मध्ये श्वास न घेता. “जरा थांब की,” असं मी हजार वेळा म्हणालो असेन. आणि ती थांबली तेव्हा घर खायला उठलं.

मी सगळं रीतसर केलं. कान तपासले, रक्त तपासलं, थायरॉइड तपासला. शेवटी आमचे नेहमीचे डॉक्टर शेडगे म्हणाले, “फडतरे, यांना शरीराचं काही नाही. एखाद्या मानसशास्त्रज्ञाकडे न्या. पण खरा, परवानाधारक बघा. पाट्या काय, कुणीही लावतो.”

परवानाधारक हा शब्द ऐकला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. आजार काय, उपाय काय, हे मला कळत नव्हतं. पण परवाना तपासणं मला येत होतं. त्यातच फलटणच्या मेव्हण्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “भाऊजी, दिवाळीनंतर आक्काला मी घेऊन जातो. किती दिवस ते विचारू नका. परत यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.” दिवाळीला सात आठवडे राहिले होते. तेवढ्यात तिला कुणीतरी बोलतं करायला हवं होतं, नाहीतर ती जाणार होती. ती गेली तर मी त्या घरात काय करणार, हे माझ्या डोळ्यांपुढे येत नव्हतं. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

मनःस्पर्शवाल्यानंतर आम्ही स्टँडमागच्या एका बाईंकडे गेलो. त्या आवाजावरून मनाचं निदान करत. मला “आ” म्हणायला लावून त्यांनी सांगितलं, की तुमच्या मित्राच्या बायकोला लहानपणी विहिरीची भीती होती. मी नोंदणी क्रमांक विचारला, तर त्यांनी फोन नंबर दिला. मग दर दुसऱ्या शनिवारी औषधाच्या एका दुकानामागे बसणारे मानसोपचाराचे डॉक्टर होते. त्यांची कागदपत्रं इतकी स्वच्छ होती की मला त्यांचा मुका घ्यावासा वाटला. पण ते म्हणाले, “मी गोळ्या देतो. तुम्ही सांगताय त्यावरून त्यांना गोळी नको, बोलायला माणूस हवं. मानसशास्त्रज्ञ शोधा.”

“पुन्हा तेच,” मी बाहेर येऊन म्हणालो.

दिलावर टपरीवर चहा फुंकत होता. “साहेब, एक इचारू?”

“विचार.”

“तुमी समद्यांचा शिक्का बघताय. काटा कुटं बघताय?”

“शिक्का असला की काटा बरोबरच असतो.”

“व्हय. तीस वर्सं मी काटे खोलतोय, मला नका सांगू.” त्यानं बशी खाली ठेवली. “वयनींला इचारलं का, का बोलत न्हाईत म्हनून?”

“बोलत नाही तिला विचारणार कसं?”

“आन् तुमाला ठावं न्हाई?”

“मला कसं ठाऊक असणार?”

दिलावरनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि दुसरा चहा सांगितला. मला त्याचा रागच आला. हा माणूस आमच्या घरी येऊन गेलेला होता. मागच्या खोलीतला इलेक्ट्रॉनिक काटा त्यानंच आणून दिला होता, आणि तो आता प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फळीवर पडलेला होता, हेही त्यानं पाहिलं होतं. बाहेरच्या खोलीत मला निरोपाच्या सत्कारात मिळालेली फ्रेम होती. तिच्याकडे तो कधीच बघत नसे. मत्सर, दुसरं काय, असं मी समजत होतो.

शेवटी पाटी सापडली ती माझ्या रोजच्या रस्त्यावर. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर पहिला मजला. त्या दुकानाचे काटे मी पंधरा वर्षं तपासले होते, पण मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. पाटी वहीएवढी. ‘स्नेहल कारंडे, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ.’ खाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक. ना नैराश्य, ना दारू, ना सूर्य. मी क्रमांक उतरवून घेतला, सायबर कॅफेत जाऊन अशा लोकांची नोंदणी ठेवणाऱ्या दिल्लीच्या परिषदेच्या यादीत शोधला. नाव होतं. नोंदणी चालू होती. तरी मी त्यांच्या कार्यालयाला फोन लावला, आणि चौथ्या दिवशी तिथल्या एका कारकुनानं वैतागून सांगितलं, “है भाई, है. असली है.”

आता माझ्याकडे सबब उरली नाही.

मंगळवार होता, दुपारचे चार. शालन मंगळवारी भजनी मंडळात जायची. पाच-सहा महिने झाले असतील. पिशवीत टाळ घालायची आणि साडेतीनला निघायची. मला बरं वाटायचं, निदान देवाशी तरी बोलते. ती गेल्यावर मी इस्त्रीचा शर्ट घातला, भिंग घेतलं आणि जिना चढलो.

वर बंद दार होतं. एक बाक. दारावर कागद, ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात. आत कुणी असल्यास थांबावे, दार वाजवू नये.’ नियम नीट लिहिलेले पाहून माझं समाधान झालं. मी वाकून बुटाची नाडी सोडायला लागलो आणि वाकलेलाच राहिलो.

दाराशी बायकी चपलांचा एक जोड होता. डाव्या चपलेचा अंगठा हिरव्या दोऱ्यानं शिवलेला. ती चप्पल मीच चांभाराकडे नेली होती. त्याचा काळा दोरा संपला होता, त्यानं हिरवा घातला, आणि त्यावरून मी त्याच्याशी पाऊण तास वाद घातला होता.

मी बाकावर बसलो. आतून आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, मध्ये जाड पडदा असावा. पण आवाज शालनचा होता. ती बोलत होती. वर जात, खाली येत, सलग. मधला श्वास घ्यायला विसरणारी माझी बायको तिथे, त्या दारापलीकडे, जशीच्या तशी होती. सोळा महिन्यांनी मी तिला असं बोलताना ऐकत होतो.

मग तिनं कुणाची तरी नक्कल केली. जाड, नाकातला आवाज, एकेक शब्द तोडून, हुकूम सोडल्यासारखा. शब्द तेव्हाही कळले नाहीत, पण चाल ओळखीची वाटली. हा कोण बरं, असा मी विचार करत होतो. आत दोघी हसल्या. मग हसणं थांबलं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग ती रडत असल्याचं ऐकू आलं.

नकलेतला तो आवाज माझा होता. कळलं तेव्हा मी जिना उतरत होतो, बूट हातात घेऊन.

ट्रॅक्टरच्या दुकानाचा मालक मला त्या अवस्थेत पाहून ताडकन उभा राहिला. “साहेब! आमचा काटा पास हाय!”

“बसा हो,” मी म्हणालो आणि मोठ्या टायरच्या मागे उभा राहिलो. जरा वेळानं शालन खाली आली. डोळे पुसलेले, चेहरा उतरलेला पण हलका. पिशवीत टाळ वाजत होते. ती रस्ता ओलांडून गेली आणि मी टायरमागे तसाच उभा. आयुष्यभर लोक मला बघून लपले, त्यातलं सुख मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. दाराशी चपला नव्हत्या. स्नेहल कारंडे तिशीच्या आतली मुलगी होती, साधा पंजाबी ड्रेस, डोळ्यांवर चष्मा. मी नाव सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण हातातलं पेन तिनं खाली ठेवलं.

“प्रमाणपत्र त्या कपाटावर आहे,” ती म्हणाली. “गावात तुम्ही सगळ्यांचं बघत फिरताय असं कानावर आलंय. बघा.”

मी उठलो नाही. “मी बघितलंय. दिल्लीला फोन करून.”

“मग काय काम काढलंत?”

“माझ्या एका मित्राची बायको...” मी सुरू केलं आणि माझं मलाच ते ऐकवेना. “जाऊ द्या. मला तुमच्याकडे यायचंय. मीच पेशंट.”

तिनं चष्मा सारखा केला. “मला तुम्हाला घेता येणार नाही, फडतरे काका.”

“का?”

“कारण सांगता येत नाही.”

“आमच्या खात्यात नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागायचं.”

“आमच्याकडे ते न सांगणं हाच नियम आहे.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे बहुधा तिला कळलंही होतं. पण ती जागची हलली नाही. एवढ्या दिवसांच्या शोधात मला पहिल्यांदाच कुणीतरी कायद्यानं वागणारं भेटलं होतं, आणि त्याच कायद्यानं मला दाराबाहेर काढलं होतं. तक्रार कुणाकडे करणार? मला तर तिला शाबासकी द्यावीशी वाटत होती.

तिनं एका कागदावर नाव लिहिलं. “साताऱ्याला शिवदे सर आहेत. गुरुवारी बसतात. त्यांच्याकडे जा.” कागद देताना ती थांबली. “त्यांची नोंदणी चालू आहे. पण यावेळी तपासू नका. नुसते जा.”

घरी मी सांगितलं, “गुरुवारी साताऱ्याला जाऊन येतो. पेन्शनचं काम आहे.” शालननं मान हलवली. सकाळी डबा तयार होता. तिनं काही विचारलं नाही.

शिवदे सर साठीचे, खादीचा झब्बा, टक्कल. खोलीत दोन वेताच्या खुर्च्या आणि एक घड्याळ. पहिल्या दोन गुरुवारी मी त्यांना वजनमापांचा कायदा समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला. तिसऱ्या गुरुवारी त्यांनी विचारलं, “बाई कधीपासून बोलत नाहीत?”

“नऊ मे. गेल्या वर्षीचा.”

“तारीख इतकी नेमकी?”

“फ्रेमवर आहे ना,” मी म्हणालो. ते शब्द बाहेर पडले आणि मी घड्याळाकडे बघायला लागलो. ते मोठ्यानं वाजायला लागलं.

“कसली फ्रेम?” सरांनी विचारलं.

मग सांगावंच लागलं. ती हकिगत मी तोवर पन्नास लोकांना सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी छाती फुगवून.

शालनचा बचत गट होता. बारा बायका. सांडगे, कुरडया, शेंगदाण्याची चटणी करायच्या, आमच्याच मागच्या खोलीत. शालन अध्यक्ष. तिची ती अखंड बडबड तिथे कामाला आली होती. मे महिन्यात बाजार मैदानावर बचत गटांचं प्रदर्शन भरलं. माझ्या नोकरीचे शेवटचे दोन महिने. पंचायतीचे लोक, पत्रकार, गावातल्या बायका, तुडुंब गर्दी. मी नेहमीसारखी तपासणी सुरू केली. एकेका स्टॉलवरून पाकीट उचलायचं, वजन करायचं. शालनच्या स्टॉलपाशी आलो. तिनं हसून सांडग्यांचं पाकीट पुढे केलं. वर छापलेलं, निव्वळ वजन दोनशे ग्रॅम. काट्यावर भरलं एकशे अठ्ठ्याऐंशी.

“सांडगे थोडे ओले भरले असतील,” मी सरांना म्हणालो. “उन्हात वाळले की वजन उतरतं. लबाडी नव्हती. दोनशे ग्रॅमला नऊ ग्रॅमपर्यंत कमी चालतं. बारा भरले. तीन ग्रॅमचा प्रश्न होता.”

“समज देऊन सोडता आलं असतं?”

“आलं असतं. दुसऱ्या कुणाला सोडलंही असतं. पण घरचाच गट. लोक बघत होते. सोडलं असतं तर म्हणाले असते, फडतरे बायकोला सोडतो.”

“मग?”

“मग पंचनामा केला. दोन पंच उभे केले. अध्यक्ष कोण, म्हणून विचारलं. ती पुढे आली. मी विचारलं, पूर्ण नाव सांगा.”

सर खुर्चीत जरा पुढे सरकले.

“नियम आहे,” मी म्हणालो. “जबाब ज्याचा त्याच्या तोंडून यायला लागतो. ती म्हणाली, शालन. मी म्हणालो, पूर्ण. ती माझ्याकडे बघायला लागली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सर. लग्नात उखाण्यात घेतात, हळदीकुंकवाला घेतात, तेवढंच. तिनं चौतीस वर्षांत नुसतं नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनकार्डाच्या रांगेतसुद्धा कार्ड पुढे करायची. मी पुन्हा म्हणालो, नवऱ्याचं नाव काय? तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, वहिनी, उखाणा घ्या, उखाणा! सगळं मैदान हसलं.”

“तुम्ही?”

“मीही हसलो,” मी म्हणालो.

ते मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. पन्नास वेळा हकिगत सांगितली, पण हे वाक्य त्यात नव्हतं.

“मग तिनं नाव घेतलं. शालन हिंदुराव फडतरे. खाली बघून. मी ते लिहून घेतलं, तिनं सही केली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, निरीक्षकाची घरच्याच गटावर कारवाई. खात्यानं निरोपसमारंभात तेच कात्रण फ्रेम करून दिलं. गट मोडला. बायका यायच्या बंद झाल्या. आणि ती...”

“त्यांचं नाव तुम्हाला माहीत होतं,” शिवदे सर हळूच म्हणाले.

“हो.”

“त्यांच्या नवऱ्याचंही.”

मी रडलो. सरकारी नोकरीत एकतीस वर्षं काढलेला, साठीला टेकलेला बाप्या त्या वेताच्या खुर्चीत लहान मुलासारखा रडलो. सरांनी पाण्याचा पेला सरकवला आणि घड्याळाची वेळ झाली तरी उठवलं नाही.

संध्याकाळी घरी आलो आणि चपलासुद्धा न काढता फ्रेम खाली उतरवली. भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ चौकोन उरला. शालन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला काहीतरी म्हणायचं होतं. पाठ करून आलो होतो, बसमध्ये. पण तोंडून एवढंच निघालं, “नाव विचारायला नको होतं. मला ठाऊक होतं ना.”

तिनं पदरानं हात पुसले. आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. मग आतूनच ती म्हणाली, “आज दसरा होता.”

“हो.”

“पेन्शनचं ऑफिस दसऱ्याला उघडं असतं होय?”

जन्मभर लोकांच्या वह्यांतल्या तारखा पकडणारा मी, सुट्टीच्या दिवशी सरकारी कामाला गेलो होतो. सरांनी सुट्टी असूनही मला खास वेळ दिला होता, आणि माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

“आणि तू,” मी म्हणालो, “टाळ घेऊन जातेस ते ट्रॅक्टरच्या दुकानावर कुठलं भजन असतं?”

भांड्यांचा आवाज थांबला. ती दारात आली. माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या चौकोनाकडे बघितलं. तिच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“तिथं दिनदर्शिका तरी लावा,” ती म्हणाली. “भिंत वाईट दिसतेय. आणि सुट्ट्या पण कळतील.”

सोळा महिन्यांत पहिल्यांदाच एका दिवसात पाच वाक्यं. मी मोजत होतो. सवय आहे.

रात्री तिनं फलटणला फोन लावला. मी ऐकत नव्हतो असं म्हणणार नाही. “दादा, दिवाळीला येते,” ती म्हणत होती. “चार दिवस. हो, चारच. न्यायला नको येऊस, मी एसटीनं येईन.”

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी ती माझ्याबरोबर साताऱ्याला आली. कारंडे मॅडमना विचारून आली होती, आणि शिवदे सरांनाही ते चालणार होतं. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि फारसं बोलली नाही. म्हसव्याच्या पुढे एकदा म्हणाली, “गवार काय जून आलीय यंदा.” मी म्हणालो, “हो ना.” एवढ्यावर मी सातारा गाठला, आणि उतरताना मला वाटलं, आपलं बरंच बोलणं झालं.

सरांनी नवा फॉर्म काढला. पेनाचं टोपण काढून ते तिच्याकडे वळले आणि सहज, रोज विचारतात तसं म्हणाले, “बाई, पूर्ण नाव सांगा.”

“मी सांगतो,” मी पुढे सरसावलो. “सर, तिचं नाव मी सांगतो.”

“तुम्ही बसा,” शालन म्हणाली.

मी बसलो. तिनं पदर खांद्यावरून ओढून घेतला, हळदीकुंकवाला बायका ताठ बसतात तशी बसली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

“उन्हात वाळले सांडगे, बारा ग्रॅमनं उतरले,
हिंदुरावांचं नाव घेते, मी बायको आहे हे ते विसरले.”

शिवदे सरांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मला एकदम हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू. मग शालनही हसायला लागली, मोठ्यानं, त्या बंद दाराबाहेरून ऐकलं होतं तसं.

“बरोबर आहे, सर,” मी डोळे पुसत म्हणालो. “बाराच होते.”